ताड आणि कांडेचोर

आमच्या घरात माणसांच्या दोनच जाती होत्या. एक ताड आणि दुसरी कांडेचोर. ही वाटणी बाबांची. कुणी नवा माणूस घरी येऊन गेला, की बाबा विड्याचं पान लावता लावता निकाल द्यायचे, "ताड आहे हो माणूस." नाहीतर नुसतं नाक उडवून, "कांडेचोर!" एकदा दिलेला निकाल फिरायचा नाही. आईचा सख्खा भाऊ, माझा मामा, जन्मभर कांडेचोर राहिला, कारण तो म्हणे एका लग्नात आहेर न देता मागच्या दाराने निघून गेला होता. आईने किती वेळा सांगितलं की त्याच्या पोटात दुखत होतं. पण छे! आई म्हणायची, "ह्यांच्या तराजूला दोनच पारडी, आणि दोन्ही ह्यांच्याच हातात."

हल्लीच्या लोकांना यातलं काहीच कळत नाही. म्हणून सांगते. आम्ही राहायचो दादरला, समुद्राच्या अंगाला एका वाडीत. कौलारू खोल्यांच्या दोन रांगा, मधे विहीर, विहिरीपाशी विणलेल्या झावळ्यांची नहाणीची झापं आणि झापांना लागून एक ताड. आता तिथे उंच इमारत आहे आणि विहिरीच्या जागी मोटारी उभ्या असतात. आमची भंडाऱ्याची जात, पिढ्यान्‌पिढ्या ताडी काढणारी. बाबा लहानपणी मालवणाकडून काकाबरोबर आले आणि याच ताडावर चढायला शिकले. पायात दोराचा फास, कमरेला कोयती आणि वाळलेला भोपळा. वर गेले की शेंड्यातल्या मडक्यातला रस भोपळ्यात ओतून घ्यायचे, कोंबाला नवा काप द्यायचे आणि खाली यायचे. पुढे दारूबंदी आली. वाडीतल्या कितीतरी जणांनी चोरून मडकी बांधली, पकडले गेले, सुटले, पुन्हा बांधली. बाबा मात्र एका सकाळी वर चढले, सगळी मडकी उतरवली, विहिरीच्या कठड्यावर एकेक करून फोडली आणि परळच्या गिरणीत नोकरीला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कायदो माका पटणा नाय. पण चोरी माका जमणा नाय." पोलीस झडतीला आले तर वाडीतली सगळी घरं उलथीपालथी करायचे आणि आमच्या दारावरून पुढे जायचे. त्याचा बाबांना फार अभिमान होता.

आणि कांडेचोर म्हणजे मांजराएवढा, काळपट, लांब शेपटीचा प्राणी. कुणी त्याला ताडमांजर म्हणतं. दिवसभर झाडाच्या शेंड्यात झोपतो, अंधार पडला की कौलांवरून फिरतो, आणि ताडीच्या मडक्यात तोंड घालून पितो. बाबांचा त्याच्यावर जुना राग. पितो म्हणून नव्हे. "तहान सगळ्यांक लागता," म्हणायचे. राग होता तो हाळी न देता चढतो म्हणून.

ही हाळी म्हणजे आमच्या धंद्यातला धर्म. ताडाच्या शेंड्यावरून साऱ्या वाडीची अंगणं दिसतात, नहाण्या दिसतात. म्हणून चढणाऱ्याने बुंध्याशी उभं राहून आधी हाक द्यायची, "येतोय होऽऽ!" मग विहिरीवरच्या बायका पदर सावरायच्या, नहाणीतली दाराशी टॉवेल धरायची आणि कुणीतरी खालून जबाब द्यायची, "या होऽऽ!" हा जबाब आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. गंगामावशी म्हणून शेजारीण होती, ती मुद्दाम गंमत म्हणून जबाब द्यायला उशीर लावायची आणि बाबा बिचारे फास पायात अडकवून तसेच उभे. ताड उघड्यावर उभा असतो, चढणारा सांगून चढतो, आणि कांडेचोर न सांगता. बाबांची सगळी नीती एवढ्यात संपत होती. मला विचाराल तर तेवढी पुष्कळ आहे.

माझा थोरला भाऊ रघूदादा बाबांच्या निकालात बरीच वर्षं ताडच होता. छापखान्यात खिळे जुळवायचा, अंगाने सडपातळ, आणि जिभेला धार. मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. घराघरात तेच. भाजीवाल्याकडे तेच, विहिरीवर तेच. बाबाही मोर्च्याला जायचे, पण पुढच्या रांगेत, डोक्यावर टोपी घालून, देवळात जावं तसे. दादाचं काम वेगळं. रात्री भिंतींवर पत्रकं चिकटवायची, पोलिसांची गाडी आली की गल्लीबोळांतून पसार व्हायचं, पहाटे हाताला खळ लागलेली, तसाच घरी. बाबांना ते आवडायचं नाही. "मुंबई आपली तर उजेडात मागा रे, झिला. काळोखात कसली मागताय?" दादा हसून म्हणायचा, "बाबा, उजेडात गोळ्या घालतात." यावर बाबा पानाचा डबा पुढे ओढायचे, कारण ते खरं होतं.

त्याच थंडीत आई टायफॉईडमधून उठली होती. उठली म्हणजे नुसती बसती झाली. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तोंडाला चव नाही, पेज पुढे ठेवली की तोंड फिरवायची, बांगडा माशाची आमटी म्हणजे तिचा जीव की प्राण, तिच्या वासानेही उलटी. एकदा मी केस विंचरत असताना म्हणाली, "शकू, पूर्वी कशा गो आंबोळ्या व्हायच्या! ताडी घातली की पीठ रात्रीत टोपाबाहेर. हातात घेतली तर कापूस." दारूबंदीनंतर आमच्या आंबोळ्या चपट्या झाल्या होत्या. ती काही मागत नव्हती. आजारी माणूस बोलतं तसं बोलली. पण उंबऱ्यावर बसून दादा चपला घालत होता, त्याने ते ऐकलं.

पुढच्या रविवारी आईने स्वतः उठून तवा ठेवला. आंबोळ्या अशा झाल्या की वाफेने आमची अर्धी खोली भरली. जाळीदार, गुबगुबीत. आई दोन खाल्ल्यावर तिसरीला हात घालत होती आणि ते बघून मला रडू येत होतं. बाबांनी पहिला घास मोडला, तोंडात घातला आणि चावायचे थांबले.

"ही आंबोळी फुगली कशी गो?"

आई तव्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हवा बदलली."

"थंडीत?"

बाबांनी घास गिळला, ताट सारलं आणि अंगणात गेले. वर बघत बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "शकू, पहाटे तुला वास येतो का गो? भाताचा?" येत होता. तीनचार दिवस पहाटे आंबेमोहोर शिजल्याचा वास कौलांतून खाली उतरायचा, आणि रेशनचा तांदूळ खाणाऱ्या वाडीत आंबेमोहोर कोण शिजवतंय म्हणून बायका एकमेकींची चौकशी करत होत्या. तो वास कांडेचोराच्या अंगाचा असतो. तो वावरून गेला की मागे राहतो. बाबांना तेव्हाच संशय आला होता, पण आपल्या ताडावर कुणी मडकं बांधेल हे त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं.

दादा घरी आल्यावर जे झालं ते मी कोपऱ्यात बसून ऐकलं. बाबा ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कधी चढतोस?"

"तुम्ही पहिल्या पाळीला गेलात की."

"विहिरीर बायो असतत तेव्हा. हाळी दिलंस?"

"हाळी दिली असती तर चोरी कशी झाली असती, बाबा? आईसाठी चढलो. तिने आज तीन खाल्ल्या, बघितलंत ना?"

"आयेसाठी माका सांगतलं असतंस तर मी..." बाबा थांबले. काय केलं असतं ते त्यांनाही ठाऊक नसावं. "मडकं उतरव. आणि ह्यापुढे माझ्याशी बोलू नको. घरात कांडेचोर पाळलेला मला चालणार नाही."

शब्द सुटला तो सुटला. दादाचा चेहरा असा झाला, जशी कुणी थोबाडीत मारली असावी. त्या दिवसापासून बापलेकांत बोलणं नाही. मधे मी. "दादाला सांग पाणी भर." "बाबांना सांग भरलंय." आणि दादाने मडकं काही उतरवलं नाही. मुद्दाम नव्हे, मला आजही तसंच वाटतं. त्याच आठवड्यात शहर पेटलं आणि तो घरीच आला नाही.

पुढे कर्फ्यू लागला. गिरणीचा भोंगा झाला नाही की कसं चमत्कारिक वाटतं ते गिरणगावच्या माणसालाच कळेल. लांबून फटाक्यांसारखे आवाज यायचे आणि ते फटाके नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. आई दाराच्या फटीला डोळा लावून बसायची. दादाची खबर नव्हती. बाबा जेवायला बसले की पहिला घास हातात धरून उगीच थांबायचे.

भर दुपारी, चिटपाखरू नव्हतं तेव्हा, मागच्या भिंतीवरून दादा वाडीत पडला. उडी नव्हे, पडलाच. एक पाय ओढत होता, धोतर रक्ताने माखलेलं. मी दार उघडायला धावले तर त्याने हातानेच 'नको' केलं. आमच्या घरात सापडला असता तर सगळेच सापडलो असतो. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खांद्यावरचा पंचा पिळून पायात फासासारखा अडकवला आणि ताडावर चढला. त्या जखमी पायाने! मी श्वास धरून बघत होते. शेंड्यात जुनी वाळकी पानं लोंबत होती, कारण बाबांनी वर जाणं सोडल्यापासून ती कुणी साफ केली नव्हती. त्या पानांत तो दिसेनासा झाला.

पाठोपाठ पोलीस आले. एक हवालदार आणि दोन बंदूकवाले शिपाई. हवालदार घाटावरचा, घामाने भिजलेला, दोन दिवस झोपलेला नसावा. "पोरगा आला इकडं. लंगडा. कुठाय?" वाडीतल्या खोल्यांची दारं त्यांनी ठोकली, आमच्या खोलीत शिरून कॉटखाली बंदूक फिरवली. काही नाही. ते जायला वळले आणि वर ताड खडखडला. ताडाची पानं वाऱ्याने कशी वाजतात ते साऱ्या दादरला माहीत होतं. पण त्या दुपारी वाऱ्याची झुळूकही नव्हती.

हवालदाराने मान वर केली. "कोण हाय वर?"

आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. बाबा अंगणात आले. अंगात बंडी, हात जोडलेले नाहीत, आवाज नेहमीचा.

"कांडेचोर आहे, साहेब."

"काय?"

"कांडेचोर. मांजरासारखा असतो. दिवसा वर झोपतो."

"मांजर ताडावर? मला येडा समजतो काय रे?" हवालदार शिपायाकडे वळला. "लाव बंदूक. मांजर असंल तर पडंल, माणूस असंल तरी पडंल."

शिपायाने बंदूक खांद्याला लावली. त्या क्षणाचं मी काय सांगू? तोंड उघडलं तर ओरडणार हे कळत होतं म्हणून मी आईच्या पदरात तोंड खुपसलं. कानावर बाबांचा आवाज पडला, तसाच, घाई नसलेला.

"गोळी घालू नका. मडकं फुटेल."

"कसलं मडकं?"

"ताडीचं. वर मडकं बांधलेलं आहे. कांडेचोर त्यासाठीच येतो, मडकं नसेल तर तो कशाला येईल? पिऊन पडला असेल. गोळीने मडकं फुटलं तर तुम्हाला पुरावा काय राहील?"

"मडकं कुणाचं?"

"माझं."

शेजारच्या दाराच्या फटीतून गंगामावशीचा "अगं बाई!" स्पष्ट ऐकू आला. ज्या माणसाने विहिरीच्या कठड्यावर मडकी फोडली, ज्याच्या दारावरून झडती पुढे जायची, तो भर वाडीत उभा राहून म्हणत होता, माझं. बंदूक खाली आली. हातचा गुन्हेगार सोडून कोण पानांवर गोळ्या झाडील? हवालदार म्हणाला, "चढ. उतरव ते. पळायला बघशील तर वरच राहशील."

बाबांनी आतून जुना दोर आणला. तो त्यांनी जपून ठेवला होता हे मला तेव्हा कळलं. फास पायात अडकवला, बुंध्याला हात लावला आणि थांबले. मग मान वर करून हाळी दिली.

"येतोय होऽऽ!"

"आता कुणाला बोलावतो रे?" हवालदार खेकसला.

"बायका आहेत साहेब. जबाब आल्याशिवाय आम्ही चढत नाही."

कर्फ्यूतली वाडी. सगळी दारं बंद, विहिरीवर कुणी नाही. ती हाळी कुणासाठी होती हे आम्हाला दोघींना कळलं. वरचा कांडेचोर पोलीस चढतोय असं समजून उडी मारेल, त्याला सांगायचं होतं की बाप येतोय. आईने दार ढकललं आणि आजारातून उठलेल्या त्या आवाजात, जितका निघाला तितका काढून, जबाब दिला, "या होऽऽ!"

बाबा किती वेळ वर होते ते ठाऊक नाही. मला फार वाटला. वर काय झालं ते दादाने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. बाबांनी डोक्याचा रुमाल काढून त्याचा पाय आवळून बांधला, त्याच्याच पंच्याने त्याची कंबर पानाच्या देठांना बांधली, झोप लागली तर पडू नये म्हणून. मग तोंड कानाशी नेऊन एवढंच विचारलं, "हाळी ऐकलंस मा?" मडकं घेऊन उतरले. त्यात आंबट ताडी होती, वर मुंग्या आणि मेलेल्या मधमाश्या तरंगत होत्या. हवालदाराने नाक लावलं आणि बाबांच्या दंडाला धरलं.

निघताना बाबा आईला म्हणाले, मोठ्याने, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं, "तिन्हीसांज झाली की तो कांडेचोर आपणच उतरेल. त्याला हाकलू नका. खायला घाला काहीतरी." हवालदार हसला. "बेवड्याचं मांजरावर लई प्रेम!"

तिन्हीसांजेला दादा उतरला. आईने त्याला पेज भरवली आणि गंगामावशीच्या नवऱ्याने, जो हे सगळं न विचारता समजला होता, त्याला वरळीच्या कोळीवाड्यात आपल्या सोयऱ्याकडे पोचवलं. बाबांना दारूबंदीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. गिरणीने नाव कमी केलं.

आणि वाडी? ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, आणि इथे तर बाबांनी ताडी म्हणून स्वतःच सांगितलं होतं. ज्यांची मडकी पूर्वी पकडली गेली होती त्यांना फार आनंद झाला. "आम्हाला शहाणपण शिकवत होता! बघा आता." विहिरीवर मी गेले की बोलणं बंद व्हायचं, आणि ते बंद होणं शिव्यांपेक्षा वाईट. आईने एकदाही तोंड उघडलं नाही. गंगामावशी रागाने लाल व्हायची, पण तिलाही गप्प बसावं लागायचं, कारण खरं सांगायचं तर दादाचं नाव सांगावं लागलं असतं. दादाने निरोप पाठवला, मी पोलिसांपुढे हजर होतो, सगळं कबूल करतो. आई तुरुंगात भेटायला गेली तेव्हा तिने बाबांच्या कानावर घातलं. बाबा जाळीतून म्हणाले, "त्याला सांग, तो आला तर माझं इथलं बसणं फुकट गेलं."

माझा नातू जंगलं हिंडणारा आहे. तो परवा सांगत होता की कांडेचोर फळं खातो, बिया गिळतो, त्या लांब नेऊन टाकतो आणि तिथे भेरले माड, शिंद्या अशी ताडाच्याच जातीची झाडं उगवतात. झाडाला पाय नसतात ना आजी, मग त्याला असा प्राणी लागतो. मी म्हटलं, हे तू तुझ्या पणजोबांना सांगायला हवं होतंस, त्यांनी तुलाच निकालात काढलं असतं.

बाबा सुटले त्या सकाळी मी आणि आई तुरुंगाच्या दाराशी गेलो तर तिथे ही गर्दी! त्याच दिवशी चळवळीतले सत्याग्रही सुटणार होते. ढोल, गुलाल, घोषणा, टोपल्या भरून झेंडूचे हार. दार उघडलं, एकेक जण बाहेर येऊ लागला आणि लोक त्याला खांद्यावर घेऊ लागले. त्यांच्यातच बाबा. गालफडं आत गेलेली, केस पांढरे झालेले, हातात कपड्यांची वळकटी. कुणा उत्साही पोराने त्यांच्याही गळ्यात हार घातला, कपाळावर गुलाल फासला, ओरडला, "झालाच पाहिजे!" बाबांनी हार काढला, नीट, फुलं न चुरगाळता, आणि त्याच्या हातात परत दिला.

"माझी केस वेगळी, बाळा. दारूबंदीची."

पोराचा चेहरा पडला. आजूबाजूचे दोघंतिघं हसले, एक जण म्हणाला, "चला, बाजूला व्हा, पुढच्यांना येऊ द्या." बाबा बाजूला झाले, भिंतीला लागून उभे राहिले. आणि मग मला दादा दिसला. तो गर्दीच्या पलीकडे हारांच्या टोपलीपाशी होता, दाढी वाढवलेली, ओळखू न येणारा. त्याने ते सगळं बघितलं होतं. बाबांचीही नजर त्याच्यावर गेली आणि त्यांनी मान किंचित हलवली. नको. पोलीस सगळीकडे उभे होते.

आई पुटपुटली, "नको रे बाबा, नको." दादाने हातातले हार टोपलीत ठेवले. मग दोन्ही हात तोंडापाशी नेले, आणि त्या ढोलांच्या, घोषणांच्या वरून, जन्मात पहिल्यांदा, त्याने हाळी दिली.

"येतोय होऽऽ!"

लोकांना वाटलं, ही कुठली नवी घोषणा. एकदोघांनी नुसतंच "होऽऽ" म्हणून साथही दिली. दादा मात्र जागचा हलला नाही. जबाब आल्याशिवाय पाऊल उचलायचं नसतं.

बाबांची वळकटी हातातून गळाली. मी जवळ गेले, त्यांचा हात धरला.

"ये," बाबा म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "ये रे!"